इंदूरच्या छोट्या इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशन: दरवर्षी मला विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या एका छोट्या प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. जून ते ऑगस्ट ॲडमिशनच्या टेबलावरही मीच बसते, कारण छोट्या कॉलेजात सगळ्यांना सगळं करावं लागतं. रामबागपासून सुदामा नगरपर्यंत बऱ्याच मराठी घरांत माझा नंबर पोचलाय, बारावीचा रिझल्ट लागला की फोन सुरू, आणि प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवते. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाहीये, ही जाहिरात नाही. तारखा दरवर्षी बदलतात, त्या डीटीई म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या साइटवरच बघा, माझ्या भरवशावर राहू नका.

जेईईत अगदीच कमी पर्सेंटाइल आलेत, ॲडमिशन होईल का हो?

होईल. बारावीत फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा चालणारा विषय मिळून जनरलला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के असले की एआयसीटीई, म्हणजे दिल्लीच्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाने तुम्ही पात्र. छोट्या कॉलेजात सीटा उरतात, दरवर्षी उरतात. गेल्या वर्षी एक काका आले होते, प्लास्टिकचं फोल्डर छातीशी धरून, मुलगा मागे उभा, आणि काका इतक्या हळू आवाजात "मॅडम, होईल ना याचं?" म्हणाले की मलाच कसंतरी झालं. अहो, वाट आम्ही बघत असतो तुमची! टेबलाच्या या बाजूला बसून सांगते, निवड तुम्ही करताय, कॉलेज नाही. हे एकदा डोक्यात बसलं की तुम्ही वेगळे प्रश्न विचारायला लागता, आणि ते विचारायलाच हवेत, पुढे येतीलच.

प्रोसेस नेमकी कशी असते?

मध्य प्रदेशात सरकारी, अनुदानित, प्रायव्हेट सगळ्यांचं काउन्सलिंग डीटीई घेतं, एमपी ऑनलाइनच्या पोर्टलवर. रजिस्ट्रेशन, मग चॉइस फिलिंग, चॉइस लॉक करायचे, मग अलॉटमेंट. आधी जेईई मेनच्या रँकवर सीटा जातात, उरलेल्या पुढे बारावीच्या मार्कांवर, आणि शेवटी सीएलसी म्हणजे कॉलेज लेव्हल काउन्सलिंग, जिथे तुम्ही थेट कॉलेजात येता. अलॉट झालेलं कॉलेज आवडलं नाही तर अपग्रेडेशनचा ऑप्शन असतो. पण अपग्रेड झालं की आधीची सीट हातातून गेली, हे लोक वाचत नाहीत आणि मग रडत येतात.

चॉइस भरताना एकच सांगते, खरोखर हवंय त्याच क्रमाने भरा. "वरती मोठं कॉलेज टाकलं तर खालचं मिळणार नाही" असं फॉर्म भरून देणारा कियॉस्कवाला सांगतो ते खोटं आहे, सॉफ्टवेअर वरून खाली बघत येतं आणि तुमच्या रँकला जे पहिलं मिळेल ते देतं. आणि लॉक करायला विसरू नका!

एक जण म्हणतोय २५ हजार द्या, सीट बुक करून देतो. देऊ का?

नाही.

बरं, थोडं सविस्तर. भंवरकुआंच्या आसपास कोचिंगच्या गर्दीत हे लोक फिरत असतात, "करिअर कन्सल्टंट" असं कार्ड असतं, आणि जी सीट तुम्हाला सीएलसीत कुणाला एक रुपया न देता मिळणार असते तीच तुम्हाला "बुक" करून देतात. वर ज्या कॉलेजशी त्यांचं ठरलेलं असतं तिकडून कमिशन वेगळं. माझ्या सख्ख्या मावसभावाने असेच पैसे दिले, मला न विचारता, आणि नंतर मला म्हणतो तुला त्रास नको म्हणून. पैसे गेले ते गेले, शिवाय पोराला मेकॅनिकल हवं होतं ते त्या कॉलेजात बंदच झालेलं होतं.

कागदपत्रं काय काय?

दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, मूल निवासी (म्हणजे डोमिसाइल), आधार, फोटो, जेईई दिली असेल तर स्कोअरकार्ड, लागू असेल तर जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला. समग्र आयडी, म्हणजे एमपी सरकारचा ओळख नंबर, स्कॉलरशिपला लागतो आणि नेमका त्यातच नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. मराठी आडनावांचं तर विचारूच नका, "कर" चं "कार", "देशपांडे" चं "देशपाण्डेय" करून ठेवलेलं असतं, जूनच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

जीएसआयटीएस किंवा आयईटी मिळत असेल तर?

तर माझ्याशी कशाला बोलताय, जा की! जीएसआयटीएस १९५२ पासूनचं आहे, शहराच्या मधोमध, आणि आयईटी म्हणजे देवी अहिल्या विद्यापीठाचं स्वतःचं कॉलेज, खंडवा रोडला. दोन्हीकडे ॲडमिशन याच डीटीईच्या काउन्सलिंगने होतं. सिमरोलच्या आयआयटीचं मात्र सगळं वेगळं, तिथे जेईई ॲडव्हान्स्ड आणि जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटीचं देशपातळीवरचं काउन्सलिंग, दरवर्षी दोन-चार आया मला "आयआयटी इंदूरचा फॉर्म एमपी ऑनलाइनवर कुठे दिसतो" म्हणून विचारतात.

फक्त एक. तिथे नावडती ब्रँच आणि आमच्याकडे आवडती, असा पेच असेल तर मुलाला विचारा, आजोबांना नको. आजोबांच्या डोक्यात अजून सरकारी म्हणजे सगळं असतंच.

पुण्याला पाठवू की इंदूरलाच ठेवू?

हा खरा आपल्या लोकांचा प्रश्न! प्रत्येक घरी पुण्याला एक आत्या असतेच, आणि "आपल्या लोकांत राहील" हे वाक्य असतंच. पण बघा, महाराष्ट्रातल्या राज्याच्या सीटांना तिकडचं डोमिसाइल किंवा तिकडचं शिक्षण लागतं, इंदूरच्या मुलांना बहुतेक करून ऑल इंडियाच्या १५ टक्के सीटा उरतात, जेईई मेनवर. नाहीतर मॅनेजमेंट कोटा, त्याची फी ऐकून घ्या एकदा. एमएचटी-सीईटी इकडे चालत नाही, म्हणजे जळगाव-धुळ्याची मुलं इंदूरला यायचं म्हणतात त्यांनाही जेईई किंवा बारावीचे मार्कच लागतात, आणि ती बाहेरची धरली जातात, इथल्या मूल निवासीचे फायदे त्यांना नाहीत.

माझं मत विचाराल तर फरक पुणे-इंदूर असा नाहीच. पुण्याच्या गावाबाहेरच्या अनोळखी कॉलेजात चार लाख जास्त घालवून पाठवण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. पण मुलगा घरात फार अडकलाय, आई डबा हातात देते, बाबा गाडीवर सोडतात असं असेल तर बाहेर पाठवा बिनधास्त, पुणेच कशाला, भोपाळ, जबलपूर कुठेही.

कॉम्प्युटर सायन्सच घ्यायचं ना?

सगळे तेच घेतात. २०२४-२५ पासून एआयसीटीईने ब्रँचच्या सीटांवरची वरची मर्यादा काढली, त्यामुळे कॉलेजं कॉम्प्युटरच्या सीटा वाढवत सुटली आणि सिव्हिल, मेकॅनिकल आवरत चालली. एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी जी पाच-सहा नावं दिसतात ना, त्यात पहिली दोन वर्षं जवळजवळ सगळं तेच असतं. नावाला भुलू नका, शिकवणारी माणसं तीच असतात, एकच सर तीन "डिपार्टमेंट"मध्ये तोच डीबीएमएस (डेटाबेस) विषय शिकवतात.

मुलाला यंत्रं आवडत असतील तर मेकॅनिकल अजिबात वाया नाही, पिथमपूर तासाभरावर आहे, आयशर-व्होल्व्होचे ट्रक तिथे बनतात, आणि नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये तिथेच सुरू झाला, गाड्या टेस्ट करायचा. आमच्या थर्ड इयरच्या मुलांची तिकडे व्हिजिट नेली होती, कॉम्प्युटरवाले खिडकीशी गर्दी करून बघत होते.

कोडिंग आवडतं का हे कसं कळणार? सुट्टीत महिनाभर करून बघायचं, फुकट शिकवणारं ढिगाने आहे. महिन्यात कंटाळा आला तर चार वर्षं कशी काढणार?

फी किती? सवलत मिळते का?

प्रायव्हेट कॉलेजची फी कॉलेज मनाने ठरवू शकत नाही, भोपाळची प्रवेश व शुल्क विनियामक समिती, एएफआरसी, ठरवते आणि साइटवर यादी असते. कुणी टेबलावर वेगळा आकडा सांगितला तर ती यादी मोबाइलवर उघडून समोर धरा. बस, हॉस्टेल वगैरे वेगळं.

सवलती तीन तरी बघाच. एक टीएफडब्ल्यू म्हणजे ट्यूशन फी वेव्हर, प्रत्येक ब्रँचला ५ टक्के जास्तीच्या सीटा, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, ट्यूशन फी माफ, बाकीची फी द्यावी लागते. ती रँकवर जाते, म्हणून कमी मार्कवाले मुळात बघतच नाहीत आणि आमच्याकडे मात्र कधीकधी ती सीट शेवटपर्यंत पडून असते! दुसरी मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना, एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५, शिवाय जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत, मग प्रायव्हेटला दीड लाख किंवा खरी फी यातलं जे कमी ते सरकार भरतं. तिसरी एससी, एसटी, ओबीसीची पोस्ट मॅट्रिक. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढा, जुलैत तहसीलला जी रांग लागते ती मी बघितलीय.

पैसे भरले आणि नंतर दुसरीकडे मिळालं तर?

ठरलेल्या तारखेच्या आत सीट सोडली तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी परत करायचे, असा एआयसीटीईचा नियम आहे. आणि ओरिजिनल मार्कशीट कॉलेजने ठेवून घ्यायच्या नसतात, बघून परत द्यायच्या असतात. कुणी अडवल्या तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लेखी म्हटलं की आवाज बदलतो, दोन्हीकडचा अनुभव आहे म्हणून सांगते.

प्लेसमेंट १०० टक्के आहे का?

कुठेच नसते. बॅनरवर जे लिहितात ना, त्यात तीन गमती असतात. एका मुलाला तीन ऑफर मिळाल्या तर तीन प्लेसमेंट धरतात. टक्के काढताना बॅक असलेली, म्हणजे एखादा विषय राहिलेली मुलं "एलिजिबल" नव्हती म्हणून आधीच वजा करतात. आणि सगळ्यात मोठं पॅकेज एकाला मिळालेलं असतं, त्याचाच फोटो पाच वर्षं गेटवर. तुम्ही सरळ असं विचारा, पास आउट किती झाले, त्यातल्या किती वेगळ्या मुलांना ऑफर आली, आणि किती जण खरंच जॉइन झाले. ऑफर लेटर घेऊन आठ-आठ महिने घरी बसलेली मुलं आहेत. बाँडही विचारा, म्हणजे किती वर्षं नोकरी सोडता येत नाही ते.

सुपर कॉरिडॉरला टीसीएस, इन्फोसिस आहेत म्हणून सगळ्यांना तिथेच लागेल असं पालकांना वाटतं, इंदूरच्या मुलाला इंदूरमध्येच पोस्टिंग मिळेल याची काही गॅरंटी नसते हो.

छोट्या कॉलेजात नेमकं वेगळं काय असतं? खरं सांगा.

खरं सांगते. वाईट आधी. लायब्ररीत नवी पुस्तकं कमी, मुलं खजुरी बाजारातून सेकंडहँडच आणतात. मोठ्या कंपन्या कॅम्पसला फार येत नाहीत, पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र इंटरव्ह्यूला, दुसऱ्या कॉलेजात जावं लागतं. फेस्ट म्हणजे एक दिवस, एक मांडव, आणि साउंडवाला दहाला वायर गुंडाळायला लागतो. मास्तर सोडून जातात, सेमिस्टरच्या मध्ये पण.

आता चांगलं. तुम्ही दिसता. साठ जणांच्या वर्गात तिसऱ्या दिवशी कोण आलं नाही ते मला न बघता कळतं. फर्स्ट इयरला वर्कशॉप असतं, फिटिंग शॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा देतात, हॅकसॉने कापायचा आणि कानस मारून मारून चौकोनी करायचा. आमचे वर्कशॉपचे मामा, म्हणजे इन्स्ट्रक्टर, सगळे मामाच म्हणतात, ते तुकड्याला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावतात आणि उजेडाकडे धरतात, फटीतून जरा उजेड दिसला की तुकडा परत हातात, "घास." मोबाइलवर वाढलेली पोरं, पहिल्या दिवशी हाताला फोड येतात, चौथ्या आठवड्याला एखादा स्वतःच गुण्या लावून खिडकीपाशी डोळा बारीक करून उभा दिसतो. देवासहून रोज ये-जा करणारी एक मुलगी होती, तिचा जॉब, म्हणजे तो तुकडा, मामांनी सहा वेळा परत दिला, सातव्या वेळी घेतला, तर ती म्हणाली, "मामा, अजून थोडा उजेड येतोय," आणि घेऊन गेली परत. मोठ्या कॉलेजात दोनशे तुकड्यांवर भराभर सह्या होतात, असं माझी तिकडे शिकवणारी मैत्रीण सांगते.

हे सगळं मामा आहेत तोवर. म्हणून मी म्हणते इमारत बघू नका, माणसं बघा.

माणसं बघायची म्हणजे कशी?

एआयसीटीईचा नियम आहे, २० मुलांमागे एक शिक्षक. कॉलेजच्या साइटवर "मॅन्डेटरी डिस्क्लोजर" म्हणून एक पान असावंच लागतं, तिथे शिक्षकांची यादी, शिक्षण, कधी जॉइन झाले ते असतं. सगळेच गेल्या जुलैत जॉइन झालेले दिसले तर समजून घ्या. त्याच वर्षाचं एआयसीटीईचं अप्रूव्हल लेटर, ईओए म्हणतात, तेही उघडा आणि तुमची ब्रँच, सीटा त्यात आहेत का बघा. नॅक आणि एनबीए ही दर्जा तपासून मान्यता देणारी मंडळं, नॅकचा ग्रेड अख्ख्या कॉलेजचा असतो, एनबीए मात्र ब्रँचचं असतं, "आमचं कॉलेज एनबीए" म्हणाले तर "कुठली ब्रँच?" एवढंच विचारा, मजा येते चेहरा बघायला.

घरी मराठी, शाळा हिंदी मीडियम. इंग्लिश झेपेल का?

झेपतं. वर्गात शिकवणं हिंदीतच चालतं, "तो ये करंट इधर से जाएगा" असंच, शब्द इंग्लिश आणि वाक्य हिंदी. पहिले दोन महिने पुस्तक डोक्यावरून जातं, मग सवय होते. एआयसीटीईने हिंदी, मराठीसकट भारतीय भाषांत पुस्तकं काढलीत, ती बाजूला ठेवून वाचली तर फर्स्ट इयर हलकं होतं. खरा त्रास वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला होतो, उत्तर येत असतं आणि तोंडातून निघत नाही. मी तर सांगते हिंदीत बोल, मराठीत बोल, पण बोल. बाहेरून एक्झामिनर येतात तेही माणसंच असतात.

रॅगिंग?

यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, दरवर्षी मुलाने आणि पालकाने ऑनलाइन अंडरटेकिंग भरायचं असतं, आणि हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. नंबर मुलाच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. आमच्याकडे प्रकार होतो तो बसमध्ये होतो, कॅम्पसमध्ये नाही, मागच्या सीटवर सीनियर बसतात आणि गाणी म्हणायला लावतात. "गाणंच तर आहे" असं मीही आधी म्हणायचे. मग एक मुलगा आठवडाभर कॉलेजलाच आला नाही, आणि आता दोन शिक्षक बसने जातात, त्यातली एक मी.

हॉस्टेल की रूम?

मुलींना पहिल्या वर्षी हॉस्टेल, बस. मुलांना भंवरकुआं, खंडवा रोडला शेअरिंगमध्ये रूम आणि टिफिन. टिफिन महिन्याभराने पाण्यासारखा होतो, सगळ्यांचाच होतो, मग पोरं पोह्यांवर जगतात, सकाळी पोहे-जलेबी, रात्री सराफ्यातल्या खाऊच्या गाड्या. घरी फोनवर "जेवलो" म्हणतात.

अटेंडन्स, बॅक?

७५ टक्के. मेडिकल सर्टिफिकेट हा पोहे आणण्यासारखा प्रकार नाही, आम्हाला कळतं. पहिल्या सेमिस्टरला मॅथ्समध्ये बॅक लागली म्हणून आकाश कोसळत नाही, पण ती थर्ड इयरपर्यंत ओढत नेऊ नका, वर सांगितलं ना, प्लेसमेंटला तिथेच नाव कापतात. आणि एआयसीटीईचे १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट असतात चार वर्षांत, झाडं लावणं वगैरे समाजाच्या कामांचे, ते शेवटच्या सेमिस्टरला आठवतात आणि मग सगळा वर्ग एकाच झाडाबरोबर फोटो काढतो.

डिप्लोमा झालाय, थेट सेकंड इयर मिळेल?

हो, लॅटरल एंट्री, त्याचं काउन्सलिंग वेगळं. पॉइंटही ७५ च लागतात. डिप्लोमाची मुलं लॅबमध्ये बाकीच्यांना उजवी असतात, मॅथ्स-थ्रीला मार खातात. सुट्टीत इंटिग्रेशन करून या.

तुमच्या मुलीला तुमच्याच कॉलेजात घालाल का?

हा प्रश्न गेल्या वर्षी एका आजींनी विचारला, सगळ्यांसमोर, प्रिन्सिपॉल सर बाजूला बसलेले! मुलगी अकरावीत आहे. मी म्हटलं, जीएसआयटीएस मिळालं तर तिकडे, नाही मिळालं आणि तिला इलेक्ट्रॉनिक्स हवं असलं तर आणीन, कारण ती लॅब मी स्वतः लावलीय आणि त्यातला कुठला सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) खोटं दाखवतो ते मला माहितीये. कॉम्प्युटर हवं असेल तर दुसरं कॉलेज बघू. सर काही बोलले नाहीत. आजींनी नातवाला इलेक्ट्रॉनिक्सला घातलं.

ॲडमिशनच्या आधी कॉलेज बघायला येऊ का?

याच. पण रविवारी नको आणि ओपन हाउसच्या दिवशी तर नकोच, त्या दिवशी कुंड्या भाड्याने आणलेल्या असतात. साध्या मंगळवारी-बुधवारी अकराच्या सुमाराला या. गेटवर "लॅब बघायचीय" म्हणा. ऑफिसात बसवून सरबत द्यायला लागले तर पिऊन घ्या आणि उठा. लॅबच्या मशीनवर धूळ आहे का, कॉम्प्युटर चालू आहेत का झाकलेत, टाइमटेबल लावलंय त्या वर्गात त्या वेळी खरंच कुणी शिकवतंय का, ते बघा. मुलाला एकट्याला कँटीनमध्ये पाठवा, वीस मिनिटं, सेकंड इयरची पोरं जे सांगतील ते मी कधीच सांगणार नाही. वर्कशॉप मागच्या बाजूला आहे, निळं शटर. मामा एक ते दोन जेवायला जातात, त्याआधी पोचा.